आधी पाय खाली, मग डोकं वर

आमच्या गल्लीतले गुंडाप्पा वाणी पावट्याशी बोलायचे. परांड्यात निजामाचा अंमल होता तेव्हाची गोष्ट. कंदिलाच्या तडकलेल्या काचेत ओली चिंधी कोंबायची, चिंधी नि काचेच्या मधी पावटा ठेवायचा, आणि गिऱ्हाईक ताटकळत ठेवून त्या पावट्याला विचारायचं, "काय राव, उठलात का?"

पावट्याला मूळ फुटलं की गल्लीतली पोरं झाडून दुकानाच्या ओट्यावर. मग अप्पा काच उलटी करून ठेवायचे. एक-दोन दिवसांत मूळ वळून परत खाली! "बघा, कसंबी पालथं घाला. आधी पाय खाली, मग डोकं वर!" हेच त्यांचं पालुपद. गूळ लवकर द्या म्हटलं तरी हेच.

माझा नुसता जळफळाट व्हायचा. का? तर माझी शकू. पोटची पोर माझी, आणि दिवसभर तोंडात काय, तर "मामा म्हणत्यात." मामा म्हंजी हेच अप्पा! मामा म्हणत्यात, बी आधी पाणी पिऊन फुगतं. मामा म्हणत्यात, कोंब अंधारात पिवळा ऱ्हातो, उन्हात हिरवा होतो. अगं, आई काय म्हणती ते कधी ऐकशील का न्हाय? वर हे गृहस्थ माझ्या बापाच्या वयाचे, आणि मला हाक मारायचे 'अक्का', म्हंजी थोरली बहीण! लई झोंबायचं मला ते.

त्या साली नवरात्रात म्या ठरवलं, घटाचं धान आपलंच उंच आलं पाहिजे. दसऱ्याला शकूच्या वेणीत आईच्या घटाचा तुरा, मामाच्या न्हाय. पत्रावळीत काळी माती, त्यात गहू-ज्वारी पेरली, मधी पाण्याचा मातीचा घट. घट पाझरतो तेवढं पाणी धानाला पुरतं. पण मला कुठला दम! सकाळ-संध्याकाळ तांब्या ओतत होते. शकू म्हणाली, "आई, बास. मामा म्हणत्यात मुळांनाबी हवा लागती, न्हायतर कुजत्यात." झालं! मामाचं नाव निघालं म्हणून आणखी एक तांब्या ओतला.

दसऱ्याला माझ्या पत्रावळीत चार काड्या आणि कुजका वास. शकू केव्हाच अप्पांकडं पळाली होती. तणतणत तिला आणायला गेले. अप्पांचं धान वीतभर, दाट. पोरांच्या टोप्यांत, पोरींच्या वेण्यांत ते तुरे खोवत होते. मला बघून शकू त्यांच्यामागं लपली! हळूहळू पोरं पांगली, पण अप्पांचा पटका मोकळाच.

"आणि तुमचा तुरा?" म्या फणकाऱ्यानंच विचारलं.

"आपला आपण खोवत नसत्यात, अक्का. घरातल्या बाईनं खोवायचा. आधी बहीण खोवायची, मग ही खोवायची. आता दोघीबी न्हाईत." आणि विस्कटलेली माती सारखी करत बसले.

मला काय झालं कुणास ठाऊक. तशीच घरी गेले, त्या चार काड्या उपटल्या आणि येऊन त्यांच्या पटक्यात खोवल्या.

अप्पांनी वर हात नेऊन एक काडी चाचपली. "पाणी लई झालं, अक्का."

"बहिणीचा हाय. गप बसा!"

संध्याकाळी सोनं लुटून गाव देवळात आलं. पोरांच्या डोक्यांवर अप्पांचे उंच तुरे डुलत होते. देवीपुढं सगळे वाकले, अप्पा तेवढे ताठ उभे. मग त्यांनी एका हातानं माझ्या काड्या नीट धरल्या, आणि मगच वाकले.