भामाकाकूंचा पत्रा

भामाकाकूंसमोर कुणाचंही कौतुक करायची सोय नव्हती. चंद्राचंसुद्धा. कोजागिरीला मी सहज म्हटलं, "काय सुंदर दिसतोय!" तर त्या आत गेल्या आणि डब्याच्या पत्र्यातून कापलेला चंद्र आणून माझ्या हातात ठेवला. "ह्यो बघ. हाय का याला एक तरी डाग?"

दुष्काळाच्या आदल्या वर्षी लग्न होऊन मी राहुरीत आले, तेव्हा या आमच्या शेजारीण. यांचे मालक फुटके डबे झाळायचे. ते गेल्यावर त्यांची कातर काकूंनी हातात घेतली. पण गळका डबा दुरुस्त करणं काकूंच्या शानेला शोभेना. त्यांच्या हातात रॉकेलच्या डब्याचा मोर व्हायचा, तुपाच्या डब्याची बैलजोडी. पाहुणा चहाला छान म्हणाला तरी यांचं लगेच, "आन् मोर?"

समोर यमुनाबाई राहायच्या. त्यांची रांगोळी बघायला सायकलवाले पाय टेकून उभे राहत. काकूंचा नुसता जळफळाट. "सांडलेलं पीठ ते! वारं सुटलं की खलास. माझा मोर उडतो का?" मग माना इकडं वळाव्यात म्हणून रोज सकाळी मोर उंबऱ्यावर. यमुनाबाईही कमी नव्हत्या. "चोच बघा चोच! कावळाच हाय."

दुष्काळाच्या साली काचबिंदूनं यमुनाबाईंची नजर गेली. समोरचं अंगण कोरं राहायला लागलं. आता सगळ्या माना मोराकडंच वळणार. मला वाटलं, काकू खूश होतील. पण त्यांनी मोर उचलून फळीवर ठेवला आणि भाकरीही करपवल्या.

मग कुठून तरी दुधाच्या पावडरीचे रिकामे डबे आले आणि ठोकाठोक सुरू झाली. एका सकाळी काकूंनी माझ्या हातात चपटा पत्रा दिला. बारीक भोकं पाडलेली. मधे कमळ, भोवती वेल.

"यमुनेला दे. म्हणावं, चाचपून भुईवर ठेव, वरनं रांगोळी पसर आन् अलगद उचल. माझं नाव घिऊ नको. बाजारातनं आणला म्हण."

मी तसंच सांगितलं. यमुनाबाईंनी पत्र्यावरून सावकाश बोटं फिरवली. कडेशी थांबल्या.

"बाजारातला व्हय? कडा घासायचा कटाळा भामेला पयल्यापासनंच." मग रस्त्यापलीकडं तोंड करून मोठ्यानं, "आन् पाकळ्या कमी पडल्यात म्हणावं!"

मी परतले तर काकू आपल्या दाराआडच होत्या. "ऐकलंस? नजर गेली, पर जीभ जाग्यावर हाय!"

दुसऱ्या दिवशी समोर पांढरंशुभ्र कमळ उमटलं. एक सायकलवाला थांबला. मी भीतभीत म्हटलं, "छान आलंय, नाही?"

काकू चिडल्या नाहीत.

"आता जास्ती पाकळ्यांचा करते," त्या म्हणाल्या. "न्हाईतर ती बया दिवसभर करंल काय?"

आणि कातर हातात घेत, "आन् मी तरी?"