गायकवाड सिस्टरची लबाडी

श्रीरामपूरच्या दवाखान्यातल्या गायकवाड सिस्टरनं मला फसवलं. शेवगावच्या बाजारात तीस वर्षं रुमालाखाली बोटं धरून मी बैलांचे सौदे केले. तिथं कुणाची ही हिंमत झाली नाही.

माझ्या सहा वर्षांच्या नातीच्या, सईच्या, पोटात अन्न ठरत नव्हतं. दुर्बीण घालून बघायचं होतं. त्यासाठी सकाळपासून तिला उपाशी ठेवायचं होतं.

"काही खाल्लंय?" सिस्टरनं विचारलं.

"पाण्याचा थेंब न्हाई," मी म्हणालो.

बाईनं माझ्याकडे बघितलंसुद्धा नाही. फरशीवर मांडी घालून बसली, खिशातून चिंध्यांची बाहुली काढली. "सई, आदी हिची दुर्बीण करू. हिनं सकाळी काय खाल्लं गं?"

"चहा-खारी. आबांनी दिली. सांगू नको म्हनले."

यापेक्षा वकील परवडला.

"भरल्या पोटी भूल दिली तर उलटी छातीत जाती. आता सकाळी न्हाई, तीन वाजता," सिस्टर म्हणाली. मी आवाज चढवला. माझ्या आवाजानं बैल दावं तोडतात. ही म्हणाली, "आबा, कँटीन खाली हाय. तुमाला उपास न्हाई."

"खोटं मोठ्यांशी बोलावं, लेकरांशी न्हाई," हे तिचं ब्रीद. नातेवाइकांना ती सदा सांगते, डॉक्टर पाच मिनिटांत येतील. सुई लावताना सईला मात्र म्हणाली, "दुखंल. मुंगीपेक्षा जास्त. मी धा म्हनंपर्यंत." आणि दहाला खरंच थांबलं. मग दुर्बीण घालताना तोंडात धरायची प्लॅस्टिकची कडी दाखवायला तिनं ती माझ्याच तोंडात बसवली. मी काढायला गेलो तर म्हणते, "ऱ्हाऊ द्या जरा. वॉर्ड किती शांत झालाय."

"मी उठल्यावर तू असशील?" सईनं विचारलं.

"मीच असंन."

"तुमची सुट्टी कधी होते?" मी खोचून विचारलं.

"रातीला," सिस्टर म्हणाली.

तीनला सईला आत नेलं. तपासणी झाली, डॉक्टर म्हणाले, गोळ्यांवर भागेल. सईनं डोळे उघडले तेव्हा तिला कुशीवर धरून सिस्टरच बसली होती.

बाहेर आयाबाईनं मला धरलं. "सिस्टरची ड्यूटी दोनलाच संपली, आबा. शनवारी दोनच्या गाडीनं ती कर्जतला जाती, आईकडं. म्हातारी शनवारी हिच्याबिगर कुनाच्या हातनं घास घेत न्हाई. आज गाडी हुकली."

मी आत जाऊन म्हणालो, "माझी जीप हाय. कर्जतला सोडतो."

"पोरीला घरी न्या आदी. अजून गुंगी हाय, एकटीला चालू देऊ नका," एवढंच बोलून ती फोन घेऊन खिडकीशी गेली. "आई, आज वहिनीच्या हातचं खा गं. एक घास. माझं ऐक."

ती तेच वाक्य पुन्हा पुन्हा म्हणत राहिली.

सिस्टर, खोटं मी बोललो आणि उपास कर्जतला घडला. चार शिव्या द्यायच्या होत्या, मी ऐकून घेतल्या असत्या. मला न विचारता हा सौदा तुम्ही परस्पर कसा केलात, याचं उत्तर मला पाहिजे.