आमेन जरा जास्तच झालं

"आज त्वांड उघडायचं न्हाई," बयाबाईंनी सकाळपासून नातीच्या मागे धोशा लावला होता. "पाव्हणं काय इचारतील त्याला व्हय-न्हाई म्हनायचं आन खाली बघायचं. त्वांड उघडलं की मानसाचं काळीज दिसतं, समजलं का?"

"मग आज्जी, तू काय करणार?" समीक्षानं विचारलं.

"मी? मी प्रार्थना करनार."

कुरवंड्याच्या वाटेवर ख्रिस्ती लोकांची चार घरं. त्या चार घरांत प्रार्थना करावी तर ती बयाबाईंनीच. शाळा दुसरीत सुटलेली. पण त्या देवाशी बोलायला लागल्या की पाळकसाहेबसुद्धा मनगटावरचं घड्याळ बाहीत सरकवत. माणसांशी बयाबाई गोड बोलायच्या आणि मनात साठेल ते नेऊन देवापुढे ओतायच्या. चहाडी केली तर पाप. पण तीच हात जोडून, डोळे मिटून केली की विनवणी, असा त्यांचा रोखठोक हिशेब होता.

तळेगावचे माधवराव आणि इंद्रायणीबाई आपल्या मुलाला, सत्यमला घेऊन समीक्षाला बघायला येणार होते. पोरांचं आपसांत केव्हाच जुळलं होतं. घोडं अडलं होतं ते इंद्रायणीबाईंच्या पसंतीपाशी. एक मुलगी मोठ्यानं हसते म्हणून त्यांनी नाकारली होती आणि दुसरी हसतच नाही म्हणून.

तेवढ्यात त्यांचाच फोन आला. शनिवार असल्यामुळे मुंबईहून सहलीला निघालेल्या गाड्यांनी रस्ता तुंबला होता. "गाडी जागची हलत नाहीये हो. तासभर तरी लागेल."

"या सावकाश, ताई," बयाबाई साखरेत घोळून बोलल्या. "तुमच्यासारखी देवमानसं दारात यायची म्हंजी आमचं भाग्यच!" फोन ठेवला आणि त्यांनी सुनेला हाक मारली. "रजनी, चटई टाक. त्या यीस्तवर प्रार्थना उरकून घिऊ. लय साठलंय मनात."

बयाबाई, रजनी, समीक्षा आणि शेजारच्या शालूबाई अशा चौघी बसल्या. प्रार्थनेची रीत ठरलेली. एकानं बोलायचं, बाकीच्यांनी डोळे मिटून ऐकायचं. मधेच कोणी आलं तर त्यानं चपला काढून मुकाट्यानं मिळेल तिथं टेकायचं. बोलणाऱ्याला तोडायचं नाही. शेवटी सगळ्यांनी मिळून आमेन म्हणायचं, म्हणजे एकानं मागितलेलं सगळ्यांनी मागितल्यासारखं होतं.

"हे दयाळू बापा," बयाबाईंनी सूर लावला. गाव झालं, पाळकसाहेब झाले, मग प्रार्थनेची गाडी तळेगावकडे वळली. एवढ्यात दाराशी चपला वाजल्या. चर्चच्या मंडळातल्या बाया आल्या असतील, असं बयाबाईंना वाटलं. आणि ऐकणारे वाढले तसा त्यांचा आवाजही चढला.

"ती इंद्रायणीबाई तुला म्हाईतच हाय, देवा. लोकाच्या घरात जाऊन खिडकीच्या गजावर बोट फिरवून धूळ बघती. जीभ न्हवं ती, इळा हाय! त्या जिभेला लगाम घाल."

रजनी खोकली.

"आन हिला खोकल्याचं औशीद दे. तुझ्याम्होरं बसून खोकती."

रजनीनं सासूचा पदर ओढला.

"पदर वडायची खोड बी काढून टाक, प्रभू."

शेवटी नाइलाजानं रजनीनं मधेच एक गीत उचललं.

"हिला गळा न्हाई हे तुला ऐकू येतंयच. गप कर तिला." रजनी गप्प झाली. "आन त्यो माधवराव! गरीब गाय. लगीन झाल्यापून बायकोम्होरं त्वांड उघडलेलं न्हाई. त्याला वाचा दे. पोरगा ब्येस हाय, पन आईनं वाढल्याबिगर जेवत न्हाई म्हनं. तू त्याला हात दिल्यात, तेवढं त्याला दाखव."

समोरून कोणाचा तरी दाबलेला हुंदका आला. लोक रडायला लागले, म्हणजे प्रार्थना लागू पडली, असं बयाबाईंनी ताडलं. आणि का कोण जाणे, त्यांचाही आवाज खाली आला.

"खरं सांगू का, देवा? त्यांच्यात काय खोट न्हाई. मलाच पोरगी द्यावीशी वाटत न्हाई. ती गेली की मी वरडू कुनावर? तिच्यावर वरडते, म्हून माझा दिस सरतो. पन तिचं मन तितं गुतलंय. तवा त्या बाईच्या तोंडून व्हय वदव. येशूच्या नावानं मागते, आमेन."

"आमेन!"

हे चौघींचं आमेन नव्हतं. फारच भरघोस आलं, आणि त्यात एक पुरुषी आवाज असा काही घुमला की फळीवरची भांडी झणाणली.

बयाबाईंनी डोळे उघडले. समोर हातभर अंतरावर इंद्रायणीबाई मांडी घालून बसल्या होत्या. शेजारी तोंडात रुमाल कोंबलेला सत्यम. मागे माधवराव, डोळे अजून मिटलेले, आणि चेहऱ्यावर अपार समाधान.

बयाबाईंनी घाईघाईनं पदर सावरला. "तुमी... कवा आला?"

"जिभेच्या विळ्यापासून आहोत," इंद्रायणीबाई म्हणाल्या. "गाडी खाली तुंबलेल्या रस्त्यालाच लावून चालत आलो. प्रार्थनेत मधे बोलू नये, म्हणून बसलो."

समीक्षा पांढरीफटक पडली. शालूबाईंना एकाएकी चुलीवरचं दूध आठवलं आणि त्या बसल्या जागेवरून दाराकडे सरकू लागल्या. पण इंद्रायणीबाईंची नजर भलतीकडेच वळली होती.

"अहो, एवढ्या मोठ्यानं आमेन कशाला म्हणालात?"

माधवरावांनी डोळे उघडले. "प्रार्थना संपली की म्हणायचं असतं."

"घरी तर ओठसुद्धा हलत नाहीत तुमचे!"

"घरी असं कोणी कधी मागितलं नव्हतं."

माधवरावांना स्वतःलाच धक्का बसला असावा. पण फुटलेली वाचा आता थांबायला तयार नव्हती. "आणि मुलगी मला पसंत आहे," त्यांनी सांगून टाकलं.

इंद्रायणीबाईंचा आ वासला तो तसाच राहिला. एवढ्या वर्षांत बयाबाईंनी मागितलेलं इतक्या तातडीनं कधी मिळालं नव्हतं, आणि मिळालं ते नेमकं आज!

"ताई," त्या हात जोडून म्हणाल्या, आणि आता त्यांच्या बोलण्यात साखरेचा कणही नव्हता. "माजं चुकलं. मला काय वाटंल ते बोला. पन माझ्या तोंडापायी पोरीला नगा नाकारू."

"थांबा," इंद्रायणीबाईंनी तळहात वर केला. "आता मी प्रार्थना करते."

रीत म्हणजे रीत. सगळ्यांनी डोळे मिटले.

"हे प्रभू, माझ्या जिभेला धार तूच दिलीस. या आजींच्या जिभेला माझ्याहून जास्त दिलीस. माझ्यापुढे टिकेल अशी सून कुठून आणावी, या काळजीनं मला झोप लागत नव्हती. ही पोर या आजींच्या हाताखाली लहानाची मोठी झाली आणि तरीही धडधाकट आहे. मग माझ्यानं तिचं काय वाकडं होणार? ही मुलगी आम्हाला दे. आणि आजींना ओरडायला माणूस हवं असेल, तर रविवारी तळेगावला पाठवून दे. आमच्या यांना अलीकडे बोलायची हौस आली आहे, ते समोर बसतील. आमेन."

"आमेन!" सगळे म्हणाले. माधवरावांचं जरा दबूनच आलं.

बयाबाईंचं मात्र आलंच नाही. आपली लाज काढली की आपल्याला मान दिला, हेच त्यांना उमगेना. आमेन म्हणावं तर सगळं कबूल केल्यासारखं होतं, आणि न म्हणावं तर हाताशी आलेलं स्थळ जातं. समीक्षानं त्यांना कोपरानं ढोसलं.

"आमेन," बयाबाई पुटपुटल्या. इतक्या हळू, की ते ऐकायला देवालाही पुढे वाकावं लागलं असेल.