दरडोई साखर

माणूस एकटा धरला की आजारी असतो. चारचौघांत धरला की त्याची तब्येत सुधारते. हे सत्य वैद्यकशास्त्राला अजून उमगलेलं नाही, पण सांख्यिकी खात्याला फार वर्षांपासून ठाऊक आहे. त्या खात्यात उपसंचालक म्हणून उभी हयात घालवलेल्या साहेबांना (गल्लीत त्यांना आकडेसाहेब म्हणत, अर्थात पाठीमागे) मधुमेह व्हावा, हे म्हणूनच मधुमेहाचं दुर्दैव म्हटलं पाहिजे.

साहेबांची कारकीर्द थोर होती. एका शाळेत एकही फळा नाही आणि दुसरीत दोन आहेत अशी तक्रार आली, तेव्हा त्यांनी खुर्चीतून न उठता दोन्ही शाळांना एकेक फळा मिळवून दिला. एका तालुक्यातल्या विहिरी आटल्या आणि शेजारच्या तालुक्यातली घरं वाहून गेली, त्या वर्षी ‘पाणीपरिस्थिती समाधानकारक’ हा शेरा त्यांच्याच सहीने गेला होता. असा माणूस रक्ताच्या एका थेंबापुढे हात टेकेल, ही अपेक्षाच चुकीची.

डॉक्टरीणबाईंनी सगळं सोपं करून सांगितलं होतं. जेवणाचा पहिला घास घेतल्यापासून दोन तासांनी बोट टोचायचं, आकडा बघायचा, तो एकशे ऐंशीच्या आत ठेवायचा, आणि वर गेला तर ताटात काय काय होतं ते आठवायचं. काकूंनी, म्हणजे साहेबांच्या पत्नीने, हे कवितेसारखं पाठ केलं. यंत्र आणलं, पट्ट्या आणल्या. पहिल्याच रात्री आकडा आला दोनशे शहाऐंशी. काकूंचे वडील याच दुखण्याने गेले होते, आणि तेही एकदम नाही. आधी नजर, मग पाय, असे हप्त्याहप्त्याने. त्यांना त्या आकड्याची भाषा कळत होती.

साहेब मात्र शांत होते. एका माणसाच्या आकड्यावरून निष्कर्ष काढणं म्हणजे शितावरून भाताची नव्हे, शितावरून गोदामाची परीक्षा करणं, असं त्यांनी समजावलं. नमुना वाढवायला हवा होता, आणि नमुना घरातच टीव्ही बघत बसला होता. काकू एकशे बारा, मुलगा एकशे अठरा, सूनबाई एकशे चार. साहेबांचे धरून बेरीज सहाशे वीस, भागिले चार, एकशे पंचावन्न.

घराची दरडोई साखर मर्यादेत असल्याचं जाहीर करून साहेबांनी केकचा तुकडा मागितला. (अजून पंचवीस शिल्लक होते. मंजूर झालेला निधी वर्षअखेरीला परत जाणं ही खात्यात नाचक्की समजली जाते.)

तेव्हापासून रोज रात्री जेवणानंतर घरातली सगळी बोटं रांगेने टेबलावर येऊ लागली. दुखणं बाबांचं आणि बोट माझं का, असं मुलाने एकदा म्हणून पाहिलं. त्यावर कुटुंबसंस्था म्हणजे काय, हे त्याला केक संपेपर्यंत ऐकावं लागलं. साहेबांची स्वतःची साखर हा ‘स्थिर घटक’ असल्याचं ठरलं. सुधारणेला वाव होता तो इतरांत. सूनबाईंनी एक केळं खाल्लं आणि त्यांचा आकडा एकशे एकतीसवर गेला, त्या रात्री घराचा आकडा आपल्यामुळे बिघडतो याची थोडी तरी जाणीव ठेवावी, अशी समज त्यांना देण्यात आली. मग सर्वांचा भात बंद झाला. स्थिर घटकाचा चालू राहिला, कारण स्थिर घटकात ढवळाढवळ करत नाहीत.

एवढं करूनही एका रविवारी संकट आलं. साहेबांना मेजवानीचं आमंत्रण होतं, ते त्यांनी मनापासून स्वीकारलं, आणि रात्री यंत्रात आले तीनशे चौऱ्याण्णव. चौघांची सरासरी एकशे पंच्याऐंशी. मर्यादा ओलांडली गेली होती. दुसऱ्या एखाद्याने अशा वेळी जेवणाचा विचार केला असता. साहेबांनी लोकसंख्येचा केला. वरच्या मजल्यावर एक शिंपीकाका राहत. काटकुळे, फुंकर मारली तर उडतील असे. त्यांना चहाला म्हणून खाली बोलावलं, चहाआधी बोट घेतलं. नव्वद. सरासरी एकशे सहासष्ट. शिंपीकाकांना आयुष्यात प्रथमच आपल्या हाडांची किंमत कळली, आणि पुढे ते न बोलावताही येऊ लागले.

काकूंचं लक्ष मात्र वेगळीकडे होतं. नव्या बुटाने साहेबांच्या उजव्या करंगळीला, पायाच्या, फोड आला होता. तो फुटून मोजा बोटाला चिकटला तरी साहेबांना पत्ता नव्हता. बोट काळपट दिसत होतं, आणि साहेब पेपर वाचत पाय हलवत बसले होते, जणू तो पाय शेजाऱ्यांचा. काकूंना वडिलांचा पाय आठवला. त्यांनी डॉक्टरांकडे चला म्हटलं. साहेबांनी पायाकडे पाहिलं आणि दहापैकी नऊ बोटं उत्तम असल्यामुळे एकूण स्थिती नव्वद टक्के समाधानकारक असल्याचा निर्वाळा दिला. मग काकूंनी काढू नये ते अस्त्र काढलं. चला, नाहीतर आज रात्रीपासून माझं बोट मिळणार नाही, म्हणाल्या. त्यांचा आकडा गेला तर सरासरीचं काय होईल, हे साहेबांनी मनातल्या मनात मोजलं आणि निमूट चपला घातल्या.

दवाखान्यात त्यांनी महिन्याचे आकडे तोंडपाठ सांगितले. डॉक्टरीणबाई चक्रावल्या. आकडे इतके गुणी आणि बोट असं कसं, असं त्या पुन्हा पुन्हा विचारू लागल्या. शेवटी काकूंनीच शिंपीकाकांपर्यंतची सगळी हकीकत सांगितली. डॉक्टरीणबाई जराही हसल्या नाहीत. साखर अशीच राहिली तर हे बोट काढावं लागेल, एवढंच बोलल्या आणि हातमोजे चढवू लागल्या. साहेबांनी पाय खुर्चीखाली ओढून घेतला.

“घाबरायचं काय त्यात?” काकू म्हणाल्या. “घरात आपण चौघं. पायाची बोटं चाळीस. एक गेलं तर एकोणचाळीस. भागिले चार, माणशी पावणेदहा. पूर्णांकात दहाच.”

साहेबांनी हिशेब तपासला. हिशेबात चूक नव्हती. शिंपीकाकांना धरलं असतं तर तो आणखी सुधारला असता.

“अगं, पण ते बोट माझं आहे,” ते म्हणाले.

“मग साखर कुणाची होती?” काकूंचा आवाज इथवर धड होता, पुढे नाही राहिला. “मला सरासरी नवरा नकोय हो. माझ्याकडे हा एकच नमुना आहे.”

आणि डॉक्टरीणबाईंना दाखवायला आणलेला साहेबांचा मोजा हातात धरून त्या तिथेच रडल्या.

त्या रात्री टेबलावर एकच बोट आलं. आकडा दोनशे एक्केचाळीस. साहेबांनी सवयीने भागायला घेतलं, पण भागायला कुणी नव्हतं. एकाने भागलं की आकडा जसाच्या तसा राहतो, ही गोष्ट त्यांच्या ध्यानात कारकिर्दीत प्रथमच आली. त्यांनी ताटात काय काय होतं ते आठवलं, आणि आठवताना बराच वेळ लागला. दुसऱ्या दिवशी भात निम्मा झाला. औषध वेळेवर घेतलं जाऊ लागलं, आणि आकडा कुरकुरत का होईना, उतरू लागला. करंगळी तूर्त जागेवर आहे. काकू रोज रात्री तिला बघूनच दिवा मालवतात. शिंपीकाका मात्र दुखावले आहेत. त्यांना आता नुसता चहा मिळतो.

एक किरकोळ बाब राहिली. मधल्या काळात शिंपीकाका लग्नाला गेले होते, तेव्हा साहेबांनी त्यांच्या जागी एक निरोगी माणूस गृहीत धरून त्याचे नव्वद मांडले होते. तो माणूस कोण, असं काकूंनी नंतर विचारलं. असेल कुणीतरी, साहेब म्हणाले, जेवून सुस्तावलेला, दुसऱ्याच्या साखरेची गोष्ट मजेत वाचत बसलेला. तर ते तुम्ही. तुमचे नव्वद न तपासताच धरलेले आहेत. तुम्हीही ते तसेच धरून चालला आहात, त्यामुळे आजवर कुणाची तक्रार आलेली नाही.