आधी कान, मग डोळे

गिरणी बंद पडली आणि वडील घरी बसले. मग आईने खाणावळ सुरू केली. लालबागच्या आमच्या एका खोलीत दोन्ही वेळेला जेवणाऱ्यांच्या पंगती उठायच्या. माझं दप्तर ताटांच्या आड यायचं, म्हणून आईने मला शेजारच्या दाजींच्या खोलीत ढकललं. शाळेपासून बी.ए.पर्यंतचा सगळा अभ्यास मी तिथे जमिनीवर बसून केला. आमच्या घराण्यातला पहिला पदवीधर मी. हे मी कोणी न विचारता सांगतो. का सांगू नये?

या पदवीचा एकच तोटा झाला. दाजींनी मला चित्रकलेतला जाणकार ठरवलं.

दाजी जन्मभर कचेरीत कारकून होते. निवृत्त झाल्यावर रंगपेटी आणली आणि चित्रं काढायला लागले. इथवर कोणाची तक्रार नव्हती. पण दाजी चित्र दाखवत नाहीत, समजावून सांगतात. चित्र भिंतीकडे तोंड करून उभं. आपण स्टुलावर. ते कसं सुचलं, आभाळाचा रंग कुठे बिघडला, कसा सावरला, हे सगळं ऐकून तुम्ही शिल्लक राहिलात, तर चित्र वळणार.

"दाजी, आधी बघू तरी द्या!"

"आधी कान, मग डोळे. डोळे लबाड असतात रे. एकदा बघतात नि मोकळे होतात."

कोपऱ्यावरच्या खोलीतल्या पराडकरवहिनी एकदा विरजण मागायला गेल्या. हिरव्याशेजारी पिवळा का रुसतो, हे ऐकून घामाघूम होऊन बाहेर आल्या. विरजणाची वाटी आतच राहिली. ती आणायला परत जायची हिंमत त्यांना झाली नाही. गॅसवाला तर सिलिंडर उंबऱ्याबाहेर ठेवून, बेल दाबून पळायचा.

दाजींची बायको माई होती, तोवर चाळीला थोडा दिलासा होता. होड्या, माडाची झाडं, आंब्याची टोपली, सगळ्या चित्रांची प्रेरणा आधी तिला ऐकावी लागायची. ती आपलं काम करता करता मधेच "हं" म्हणायची. त्या एका "हं"वर दाजी अर्धा तास चालायचे.

माई गेली. मूलबाळ नव्हतं. दाजींनी मग होड्या बंद केल्या आणि एकच चित्र धरलं. त्याची समजावणी आधीच्या सगळ्यांपेक्षा लांबली आणि वर एक अट आली. चित्रात कोण आहे ते दाजी सांगणार नाहीत, बघणाऱ्याने ओळखायचं.

"ओळखलं, की झालं चित्र. तोपर्यंत अर्धवट," असं ते सांगायचे.

पण ओळखायला माणूस हवा ना! आमची चाळ पाडून टॉवर होणार आहे. एकेक बिऱ्हाड भाड्याच्या जागेत गेलं. वहिनी लेकाकडे बदलापूरला गेल्या. माझे आईवडील तर केव्हाच वारले. मजल्यावर दिवसा कधी बंद न होणारी दारं कुलपं लावून बसली. उघडी उरली दोनच, आमचं आणि दाजींचं.

शेवटपर्यंत ऐकणारा एकच भेटला, बिल्डरचा माणूस.

"काका, फक्त इथे सही द्या."

"देतो की. आधी कान."

सही हवी होती, त्यामुळे बिचारा बसला. मधे चहा झाला, त्याचा फोन दोनदा वाजून थांबला. शेवटी दाजींनी चित्र वळवलं.

"एक नंबर, काका! कामवाली बाई एकदम ओरिजिनल वाटते."

दाजींनी चित्र पुन्हा भिंतीकडे फिरवलं. त्या माणसाला सहीसाठी पुढे आठवडाभर जिने चढायला लावले.

मला मात्र ते या चित्राबद्दल एक अक्षर सांगत नव्हते. विचारलं की, "तुला मागाहून." मला राग यायचा. गॅसवाल्याला आग्रह आणि घरच्या पदवीधराला मागाहून?

मग आमचंही निघायचं ठरलं. आदल्या दुपारी निरोप घ्यायला गेलो. "सुन्या, बस हयसर," म्हणाले. मी सवयीने जमिनीवरच बसलो.

"भिंत आधी केली," त्यांनी सुरुवात केली. "पांढरी केली, तर खोटी वाटली. मग त्यात चमचाभर फोडणीचा धूर घातला."

"धूर?"

"तपकिरी रे! मग बाई. आधी समोरून काढली. नाक आलं, कपाळ आलं, पण बाई काही येईना. पुसली. पुन्हा काढली, पुन्हा पुसली. मग..."

एवढ्यावरच थांबले. चित्र वळवलं आणि स्वतः खिडकीकडे तोंड करून उभे राहिले.

ओट्याशी एक बाई पाठमोरी उभी होती. पदर कमरेला खोचलेला. शेगडीवर दूध. उजव्या पायाच्या बोटांनी ती डावी पोटरी खाजवत होती. मान खोलीकडे जराशी कललेली.

"माई," मी म्हणालो. "दुधाची वाट बघतेय. मी पाठांतरात चुकलो, की मागे न बघता म्हणायची, 'परत म्हण.'"

दाजी वळले नाहीत. "चेहरा नाही ना रे त्यात?"

"मलाही ती अशीच आठवते."

"तू नसतं ओळखलंस, तर विचारायला कोण उरलं होतं? म्हणून तुला दाखवायचं टाळत होतो." खिडकीकडे बघतच म्हणाले, "फोटो आहे तिचा, लग्नातला. त्यात ती घाबरलेली. माझी बायको ही. मी खाटेवर, ती ओट्याशी. सगळा संसार मी तिच्या पाठीशी बोललो. ऐकतेय ना, मग झालं, असं वाटायचं. जरा इकडे बघ, असं कधी म्हटलं नाही."

"दाजी, माईच्या हातावरचा हा उजेड कसा जमवलात?" मी विचारलं. खरोखरच जाणून घ्यायचं होतं.

त्यांचा हात सवयीने वर गेला, मग खाली आला.

"राहू दे. उद्या तुझा टेम्पो यायचाय. सामान बांध जा."

मी उठलो नाही. दाजी गुडघे धरत माझ्याशेजारी जमिनीवर बसले. संध्याकाळ होईपर्यंत आम्ही दोघं माईकडे बघत होतो. मी निघालो की मजल्यावर ते एकटेच राहणार होते, हे दोघांनाही माहीत होतं.

पण माईला कोणीतरी ओळखलं. दाजींचं चित्र पूर्ण झालं.