गोदामावशींचा निरोप

पाचच्या आत दुरुस्ती झाली नाही, तर सुश्रुतने वर्षभर राबून लिहिलेला प्रोग्राम दुसऱ्या टीमकडे जाणार होता. आणि नेमक्या त्याच दुपारी, नौपाड्यातल्या त्यांच्या घरातून आईची जुनी मैत्रीण गोदामावशी निघता निघत नव्हत्या.

प्रोग्रामचं दुखणं वेगळंच. मेमरीतली एखादी वस्तू किती जण वापरताहेत, याचा आकडा तो ठेवायचा. आकडा शून्य झाला की वस्तू पुसून टाकायची. एवढं साधं काम, पण पुसता पुसता प्रोग्रामच आडवा व्हायचा.

बाहेर आई मावशींना कुंकू लावत होती.

"येते गं मंदा."

"ये हो. अगं, हेमांगीच्या बाळाचे फोटो राहिलेच की! बस जरा."

मावशी बसल्या, फोटो पाहून उठल्या.

"थांब, कुंकू लावते."

"आत्ता लावलंस ना!"

"मग परत बसलीस ना! आता निघतेयस तर नको लावायला?"

कुंकू लावता लावता आईला मेतकूट आठवलं. मावशी पुन्हा टेकल्या. पुन्हा उठल्या, पुन्हा करंडा आला.

सुश्रुत तणतणत बाहेर आला. "आई, प्लीज! माझं वर्ष वाया जाईल. जाऊ दे ना त्यांना!"

"मी जातेच आहे रे," मावशी म्हणाल्या, "पण हिचा निरोप संपला तर ना!"

सुश्रुत दारातच थबकला. त्याच्या प्रोग्राममध्येही पुसण्याआधी निरोपाचा एक सोहळा होता. त्या गडबडीत वस्तूला पुन्हा कुणाचा तरी हात लागायचा, आकडा एक व्हायचा. हात सुटला की पुन्हा शून्य, आणि पुन्हा पहिल्यापासून निरोप! या न संपणाऱ्या फेऱ्यातच प्रोग्राम आडवा व्हायचा.

तो आत धावला. निरोप पुरा होईपर्यंत प्रोग्रामने स्वतःच वस्तू धरून ठेवायची, म्हणजे आकडा मध्येच शून्यावर येणार नाही, असं त्याने दोन ओळींत लिहून ऑफिसला पाठवलं. थोड्याच वेळात त्याच्या साहेब देवयानी मॅडमचा फोन आला.

"चाललं रे! एकदा पण क्रॅश नाही. ठेव तुझा प्रोग्राम तुझ्याकडेच."

सुश्रुतला भरून आलं. तो तसाच खाली पळाला. वर्तकनगरला घरी जायच्या रिक्षात मावशी एकदाच्या बसल्या होत्या. त्याने वाकून त्यांचे पाय धरले.

"मावशी, तुम्ही लवकर निघाला नाहीत म्हणून वाचलो. खूप उपकार झाले."

असे आभार मावशींचे आजवर कुणी मानले नव्हते. त्यांचे डोळे भरून आले. "काय झालं रे बाळा?"

"इथे नाही सांगता यायचं. उतरा, वर चला. मी चहा टाकतो."

गॅलरीतून आई ओरडली, "अरे, मघाशी तर जाऊ दे म्हणत होतास!"

"मघाशी मला कळत नव्हतं गं!" मावशींची पिशवी उचलत सुश्रुत म्हणाला.