आधी महाराजांची आयाळ

एका जंगलात संगणक आले होते. सिंह, वाघ, हत्ती तर काय, सगळ्याच जंगलांत असतात. जंगलाला संगणक कशाला, असं मला विचारू नका, बाळांनो. महाराज म्हणजे आपला सिंह, तो एकदा दूरच्या जंगलात पाहुणा म्हणून गेला, तिथे त्याने ते पाहिले आणि परत आल्या आल्या हुकूम सोडला. महाराजांना कोण विचारणार? तुम्ही? मग गप्प बसा आणि ऐका.

पूर्वी ओढ्यावरच्या बंधाऱ्याचं दार हत्ती सोंडेनं उघडायचा आणि सोंडेनंच लावायचा. दाराला यंत्र बसवलं, यंत्राचं बटण एका संगणकात ठेवलं आणि हत्तीला घरी बसवलं. तेव्हापासून ते दार मनात येईल तेव्हा उघडायचं आणि मनात येईल तेव्हा बंद व्हायचं. जंगलातले सगळे याला प्रगती म्हणायचे.

संगणक आले म्हणजे बिघडणार. बिघडले म्हणजे तक्रारी येणार. म्हणून डोंगराच्या गुहेत एक मदत कक्ष उघडला आणि बंधाऱ्याच्या बटणाचा संगणकही तिथेच ठेवला. त्याचे प्रमुख होते सांबरसाहेब. शिंगं ही एवढी मोठी! त्यांचं अर्धं आयुष्य ती शिंगं सांभाळण्यात गेलं आणि उरलेलं अर्धं ती दाखवण्यात. नोकरभरतीचं काम लांडोर मॅडम बघायच्या. त्या सारख्या कसल्या ना कसल्या प्रशिक्षणाला जायच्या आणि तिथून नवेनवे शब्द घेऊन यायच्या. त्या शब्दांचा अर्थ आणायचा मात्र राहून जायचा.

तर या मदत कक्षात एक जागा भरायची होती. मुलाखतीला दोघं आले, कोल्हा आणि मुंगूस. कक्षाबाहेर पाटी लावली होती, 'मुलाखतींमुळे आज मदत बंद'. म्हणजे बघा, मदत करणारा नेमायचा म्हणून मदत बंद! हसता काय? तुमच्या गावात याहून वेगळं चालतं की काय?

दोघांना शेजारी शेजारी बसवलं. सांबरसाहेबांनी घसा खाकरला.

"समजा, एकाच वेळी दोन तक्रारी आल्या. एक, महाराजांची आयाळ पडद्यावर हिरवट दिसते. दोन, वानरांच्या अख्ख्या कचेरीतले संगणक बंद पडलेत. आधी काय कराल?" समजा कसलं, दोन्ही तक्रारी खऱ्याच होत्या, सकाळपासून तशाच पडून होत्या.

"वानरांचे संगणक," मुंगूस पटकन म्हणाला. "सगळ्यांचं काम अडलंय. आयाळ हिरवी दिसली म्हणून कुणी मरत नाही."

सांबरसाहेबांनी दाराकडे बघून घेतलं. कुणी ऐकलं तर नाही ना?

मग कोल्हा म्हणाला, "सर, सर्वप्रथम मी दोन्ही तक्रारींचं स्वागत करीन. मग महाराजांकडे जाईन. आयाळ ही नुसती आयाळ नाही सर, ती या जंगलाची ओळख आहे. आणि वानरांना मी कळवीन की तुमची तक्रार आमच्यासाठी अत्यंत महत्त्वाची आहे."

"वा! आणि त्यानंतर?"

"त्यानंतर काही नाही सर. हेच त्यांना थोड्या थोड्या वेळाने कळवत राहीन."

लांडोर मॅडमना भरून आलं.

एवढ्यात धाडकन दार उघडून साळू आत आली. साळू म्हणजे साळिंदर. बंधाऱ्याच्या खालच्या अंगाला तिचं बीळ होतं. ती नखशिखांत भिजली होती आणि धापा टाकत होती.

"साहेब, बंधाऱ्याचं दार उघडलंय हो! आपलं आपण उघडलंय! पाणी माझ्या बिळात शिरतंय. तोंडाशी एवढा लोट आहे की मला आत जाता येईना. माझी तीन पिल्लं आत आहेत, साहेब! तेवढं दार लावा!"

आता इथे नीट लक्ष द्या, बाळांनो, कारण इथेच सगळा घोळ झाला.

सांबरसाहेबांना वाटलं, ही साळू लांडोर मॅडमनी आणली. उमेदवारांची खरी परीक्षा व्हावी म्हणून आपल्याला न सांगता हे नाटक बसवलं. लांडोर मॅडमना वाटलं, हे नाटक साहेबांनी बसवलं. आणि 'मला ठाऊक नव्हतं' असं म्हणायची दोघांचीही तयारी नव्हती. मोठ्या खुर्चीवर बसलेल्याला सगळंच ठाऊक असावं लागतं. म्हणून दोघांनीही एकमेकांकडे बघून कौतुकाने माना डोलावल्या.

"छान!" सांबरसाहेब म्हणाले. "उमेदवारांनो, ही तिसरी तक्रार. आता तिन्हींचा क्रम लावा."

"क्रम कसला लावताय? पोरं बुडतायत माझी!" साळू ओरडली.

"आवाजातला कंप बघितलात?" लांडोर मॅडम कुजबुजल्या. "अगदी खरा वाटतो."

कोल्ह्याने खुर्ची पुढे ओढली. "ताई, बसा. पाणी प्या. मला सांगा, ही अडचण कधीपासून येतेय? पिल्लं याआधी कधी बुडाली होती का? आणि बीळ एकदा बंद करून पुन्हा उघडून पाहिलंत का?"

मुंगूस मात्र उठून उभा राहिला होता. "साहेब, ते बटण तुमच्या खुर्चीच्या मागेच आहे ना? दाबा की!"

"निरीक्षण चांगलं आहे," सांबरसाहेब खूश होऊन म्हणाले. "पण पासवर्ड माझ्याकडे असतो. आणि रुजू झाल्याशिवाय उमेदवाराने त्यात लक्ष घालायचं नसतं. हा नियम तुम्हाला माहीत आहे का, तेच तर बघतोय."

"अहो, ती खरंच रडतेय!"

"रडणारच. तक्रार घेऊन येणारे रडतातच. आपण शांत राहायचं."

"आग लागो तुमच्या शांत राहण्याला!" मुंगूस म्हणाला, आणि साळूचा पंजा धरून पळत सुटला.

लांडोर मॅडमनी शेरा लिहिला, 'दडपण सहन होत नाही. मुलाखत अर्धवट सोडली.'

इकडे चहा आला. कोल्ह्याने तिन्ही तक्रारींचा सुरेख क्रम लावून दाखवला. पहिली आयाळ. दुसरी वानरं. तिसरी साळू, कारण ती एकटीच आहे, तिच्या वर कुणी साहेब नाही, आणि शिवाय तिने तक्रार ठरलेल्या पद्धतीने नोंदवलेली नाही. सांबरसाहेबांनी त्याच्याशी खूर मिळवला. झाली नेमणूक.

तिकडे मुंगूस आणि साळू बिळाच्या वरच्या अंगाने माती उकरत होते. एक पिल्लू निघालं. खोकलं, रडलं, जगलं. दुसरंही निघालं. तिसरं हाताला लागेना. मुंगूस आत शिरला, श्वास संपला तसा बाहेर आला, पुन्हा शिरला. पाणी येतच होतं. साळू वरून त्या पिल्लाच्या नावाने हाका मारत होती. मग माती खचली आणि बीळ आतल्या आत बसलं. ते पिल्लू सगळ्यांत धाकटं होतं. अजून त्याचे काटेसुद्धा नीट टणक झाले नव्हते.

मुंगूस तसाच चिखलाने माखलेला गुहेत परत आला.

"एक गेलं, साहेब," तो म्हणाला. "बटण दाबलं असतंत तर वाचलं असतं. पाणी अजून येतंय. आता तरी दाबा."

सांबरसाहेब चहाचा पेला खाली ठेवत म्हणाले, "मॅडम, आता हे जरा जास्तच ताणताय हं तुम्ही."

"मी?" लांडोर मॅडम म्हणाल्या. "ही साळू तुम्ही पाठवलेली ना, सर?"

कोल्ह्याला अचानक जमिनीवर काहीतरी बघण्यासारखं सापडलं. सांबरसाहेब सावकाश वळले, पासवर्ड घातला आणि बटण दाबलं. बंधाऱ्याचं दार बंद झालं. एक शिंक द्यायला लागतो तेवढाही वेळ लागला नाही.

मग सांबरसाहेब ढसाढसा रडले असतील? नोकरी सोडून वनवासात गेले असतील? कसलं काय! असलं तुमच्या शाळेतल्या गोष्टींत होतं. साहेबांनी संध्याकाळी महाराजांना अहवाल पाठवला. त्यात लिहिलं: आयाळीचा रंग ठीक केला. बंधाऱ्याची तक्रार आली त्याच दिवशी निकाली काढली. मदत कक्षाचं काम आयाळीइतकंच झळझळीत आहे, असं महाराजांनी भर दरबारात सांगितलं. मुंगसाला कळवण्यात आलं की आपली निवड होऊ शकली नाही, पुढील वाटचालीस शुभेच्छा.

आणि वानरांचे संगणक? ते बंदच आहेत. त्यांची तक्रार अत्यंत महत्त्वाची आहे.

दुसऱ्या दिवशी कोल्हा कामावर रुजू झाला. गळ्यात ओळखपत्र, अंगाला अत्तर. पहिलंच काम त्याला मिळालं ते निकाली निघालेल्या तक्रारींबद्दल समाधान विचारून यायचं. तो ओढ्याकाठी गेला. साळू एका करवंदीच्या जाळीखाली बसली होती. दोन पिल्लं तिच्या पोटाशी चिकटून झोपली होती.

"नमस्कार ताई," कोल्हा गोड आवाजात म्हणाला. "आमच्या सेवेला पाचपैकी किती गुण द्याल?"

साळूने त्याच्याकडे पाहिलं. मग पिल्लांकडे पाहिलं.

"तीनपैकी दोन," ती म्हणाली.

"तीनपैकी नाही हो ताई," कोल्हा समजुतीने म्हणाला. "पाचपैकी सांगायचं असतं."

तात्पर्य: बाळांनो, कुणी बुडताना दिसलं तर मुळीच धावत सुटू नये, अंगाला चिखल लागतो आणि शेरा खराब होतो. आधी खुर्चीत नीट बसावं, आणि हा बुडणारा कितव्या क्रमांकाने बुडतोय ते शांतपणे सांगावं. मोठेपणी तुम्हाला चांगली नोकरी लागेल.